धोंड्याचा महिना कुणाचा

तुमच्या घरातला पैसा कुणाच्या हातात असतो, आणि त्या हातापुढे घरातल्या दुसऱ्या माणसाला किती वेळा हात पसरावा लागतो?

उत्तर मनातल्या मनात दिलंत तरी चालेल. मी हा प्रश्न पुष्कळ घरांत विचारला आहे. वाटूरच्या आसपासच्या गावांत बायकांचे बचत गट बांधायचं काम मी तीन वर्षं केलं. खांद्याच्या पिशवीत पत्रकं असायची. बाईच्या हाती पैसा दिला की ती साठवते, पुरुषाच्या हाती दिला की तो उडवतो, असं त्यात ठळक अक्षरांत छापलेलं होतं. त्या वाक्यासाठी मी कुणाशीही भांडायला तयार होते. पण ज्यांच्या घरात मी भाड्याने राहत होते, त्या नवराबायकोने या वाक्याचे पार तीनतेरा वाजवले.

घरमालक फाट्यावरच्या वजनकाट्यावर कामाला होते. उसाच्या, कापसाच्या, सिमेंटच्या गाड्या तोलायच्या आणि चिठ्ठी द्यायची. सगळे त्यांना काटेवाले काका म्हणत. उंच, वाळलेले, चालताना एका बाजूला किंचित झुकलेले. इतका काटकसरी माणूस मी आजवर पाहिलेला नाही. साबणाच्या उरलेल्या चपट्या चकत्या ते एकमेकींवर दाबून नवी वडी तयार करत. केळी घेत ती काळी पडलेली. ज्या रस्त्याला रिक्षा दहा रुपये घेई, तो रस्ता ते ‘पायाला काम पायजे’ म्हणत चालून जात. मी त्यांना पहिल्याच आठवड्यात आमचं एक पत्रक दिलं. त्यांनी ते शब्दन् शब्द वाचलं, उलटून पाहिलं आणि अजून आहेत का विचारलं. मला आनंद झाला. दोन दिवसांनी काट्यावर गेले तेव्हा पत्रकाच्या पाठीमागच्या कोऱ्या बाजूवर ते गाड्यांची वजनं मांडत बसले होते.

“एकच बाजू छापली मॅडम तुमी,” ते म्हणाले. “अर्धा कागद वाया गेला असता.”

काकू बरोबर उलट्या. त्यांचं माहेर जांबसमर्थजवळचं. देवळात आलेला माणूस जेवल्याशिवाय वाटेला लागता कामा नये, अशा घरात वाढलेली बाई. दारात भांडीवाली आली की काकू तिला आधी चहा देत, मग तिच्याकडून नको असलेली परात घेत. शेजारच्या पोरींना रिबिनी, कुणाच्या बाळंतिणीला डिंकाचे लाडू, माझ्या खोलीला फुलाफुलांचा पडदा. ‘ठेवला पैसा घुशीचा, खाल्ला पैसा कुडीचा,’ हे त्यांचं सांगणं. मी त्यांना बचत गटात ओढायचा तीनदा प्रयत्न केला. तिन्ही वेळा त्यांनी सगळ्या गटाला भजी खाऊ घातली आणि हप्ता भरायचा राहिला.

आता अशी दोन माणसं एका छपराखाली राहतात तेव्हा काय होतं, ते मला पाठ होतं. जो कमावतो तो दाबतो, दुसरं माणूस चोरून खर्च करतं. या घरातही सुरुवातीला तेच झालेलं. लग्नानंतरची सात-आठ वर्षं सगळा पगार काकांच्या खिशात असायचा. काकू कणगीतली ज्वारी पदराखाली नेऊन बांगडीवालीला द्यायच्या. एकदा काकांनी ते पाहिलं. ते ओरडले नाहीत, फक्त असं का केलं म्हणून विचारलं. काकू म्हणाल्या, “मागून मागून जीभ झिजली, म्हणून चोरून घेतलं. या घरात मालकबी राह्यतो अन् चोरबी राह्यतो.”

हा प्रसंग मला काकूंनी नव्हे, काकांनी सांगितला. सांगताना त्यांची मान खालीच होती. ते वाक्य त्यांना इतकं लागलं की दोन दिवस ते जेवले नाहीत. तिसऱ्या दिवशी त्यांना आपला बाप आठवला.

काकांचे वडील आणि चुलते मेंढरं राखायचे. दोघांत एकच कळप. वाटणी केली असती तर कळप मोडला असता, म्हणून त्यांनी पाळी लावली. एका अमावास्येपासून दुसऱ्या अमावास्येपर्यंत कळप एकाकडे. त्या महिन्यातली लोकर त्याची, शेतात खतासाठी कळप बसवल्याबद्दल शेतकरी देत ते दाणे त्याचे, लांडगा आला तर जबाबदारी त्याची. दुसऱ्याने त्या महिन्यात कुठल्या रानात चारावं याबद्दल चकार शब्द काढायचा नाही. काकांचं म्हणणं, उभ्या आयुष्यात त्या दोघा भावांचं भांडण झालं नाही. मग घरातला पैसा तरी काय, कळपच की.

तेव्हापासून त्या घरात कारभाराची पाळी लागली. एक महिना काकांचा, एक काकूंचा. काट्याचा पगार, दोन खोल्यांचं भाडं, म्हशीच्या दुधाचे पैसे, सगळं ज्याचा महिना त्याच्या हातात. दुसऱ्याने लागेल ते मागायचं, पण खर्चाबद्दल तोंड मिटून राहायचं, नाहीतर दंड. काकूंनी चैत्र मागून घेतला, कारण जांबेला रामनवमीचा उत्सव असतो आणि त्यांना माहेरी रिकाम्या हाताने जायचं नव्हतं. त्यामुळे चैत्र त्यांचा, वैशाख काकांचा, ज्येष्ठ त्यांचा, आषाढ काकांचा, असं वर्षभर ठरून गेलं.

मला पंचांग लागायचं नाही. सकाळचा चहा हातात आला की महिना कळायचा. काकूंच्या महिन्यात दूधच दूध, वर वेलदोडा. काकांच्या महिन्यात म्हैस घरची आणि दूध सगळं डेअरीला, चहा काळा. काकूंच्या महिन्यात भाडं द्यायला गेलं की बस, जेव, भाडं कुठं पळून चाललंय, असं व्हायचं. काकांच्या महिन्यात प्रतिपदेला सकाळी दारावर एकदाच टकटक. वैशाखात बाजारात आंबा आला तरी आमच्या घरात येत नसे. ज्येष्ठाच्या पहिल्या दिवशी मात्र काकू दोन पाट्या उतरवून घेत.

दोघंही लबाड्या करायची, हे सांगायलाच हवं. महालक्ष्म्या भाद्रपदात, म्हणजे काकांच्या महिन्यात. त्यांनी सोळा भाज्यांऐवजी एकाच मेथीच्या सोळा काड्या मांडल्या असत्या. म्हणून काकू श्रावण संपायच्या आत डाळ, गूळ, खोबरं, साड्या सगळं भरून ठेवत. काका त्याचा वचपा विजेच्या बिलात काढत. बिल आपल्या महिन्यात आलं की ते देवाच्या फोटोमागे जाऊन बसे आणि काकूंच्या महिन्यात प्रकट होई. दिवाळीचं लक्ष्मीपूजन काकूंच्या पाळीच्या शेवटच्या दिवशी आणि पाडवा काकांच्या पहिल्या दिवशी. ओवाळणीत अकरा रुपये पडत. काकू ते अकरा रुपये सगळ्या गल्लीला दाखवून येत आणि काका त्यात धन्य होत.

मी यावर चिडायची. मालकी ती मालकी, महिनाभर काकूंनी तरी का मागावं, असं मी काकांना सुनावलं होतं. ते म्हणाले, “मीबी मागतोच ना. एक महिना मागून बघितल्याशिवाय देणाऱ्याला अक्कल येत न्हाई. भरल्या गाडीचं वजन करायच्या आधी रिकामी गाडी तोला लागते.”

आणि एक गोष्ट मी स्वतः पाहिली आहे. पौषात, म्हणजे काकांच्या महिन्यात, मला ताप भरला. ते स्वतः मला परतूरला दवाखान्यात घेऊन गेले, तपासण्या केल्या, औषधं घेतली, रिक्षाने आणलं. रिक्षाने. बरी झाल्यावर मी पैसे द्यायला गेले तर त्यांनी हात मागे घेतला. औषधाला महिना नसतो, एवढंच बोलले आणि मला काळा चहा दिला.

त्या वर्षी धोंड्याचा महिना आला.

पंचांगात दर तीनेक वर्षांनी एक जादा महिना येतो, तो हा. या महिन्यात जावयाला बोलवायचं, पुरणाचे धोंडे खाऊ घालायचे, तेहतीस अनारसे किंवा बत्तासे द्यायचे आणि ऐपतीप्रमाणे वाण. ऐपत बापाची आणि अपेक्षा जावयाच्या घराची, असा हा व्यवहार. ही प्रथा बंद पडली पाहिजे, हे माझं मत तेव्हा होतं आणि आताही आहे. पण माझ्या मताला त्या घरात कुणी विचारत नव्हतं. त्या घरातला प्रश्न वेगळाच होता. जादा महिना कुणाचा?

त्या वर्षी अधिक ज्येष्ठ होता. आधी अधिक ज्येष्ठ, मग खरा ज्येष्ठ. काकांनी अंगणात बसून मुद्दा मांडला की अधिक महिना म्हणजे वैशाखाचंच शेपूट. वैशाख माझा, तर शेपूटही माझंच. काकू तांदूळ निवडत होत्या. त्यांनी सूप खाली ठेवलं.

“मागच्या खेपेला अधिक आषाढ आल्ता,” त्या म्हणाल्या. “तवा तुमी काय म्हणल्ते? ज्याचं नाव लागतं, त्याचाच महिना. दोन आषाढ लागोपाठ खाल्ले तुमी. मी दोन महिने काळा चहा पिले.”

काकांनी स्वतःच घातलेला पायंडा आता त्यांच्यावर उलटला होता. उठून ते काट्यावर गेले आणि त्या दिवशी, ड्रायव्हर सांगत होते, त्यांनी एक रिकामी गाडी दोनदा तोलली.

त्या मागच्या अधिक आषाढाची एक गोष्ट राहिली. त्यांच्या मुलीचं, मीराचं, तेव्हा नुकतंच लग्न झालेलं. केदारखेड्याला दिलेली. काकांनी जावयाला तेहतीस बत्तासे आणि एक टॉवेल दिला होता. मीराच्या सासऱ्यांनी तो टॉवेल तीन वर्षं गावभर बोलून दाखवला. आता परत धोंडा आल्यावर त्यांनी आधीच जाहीर केलं की यंदा पोराला सासुरवाडीची मोटारसायकल येणार. मीराने आईला फोन करून हे सांगितलं. गाडी नाही मिळाली तर ते तिला माहेरीच ठेवून जाणार आहेत, हेही सांगितलं. नवरा चांगला आहे, पण बापापुढे त्याचं तोंड उघडत नाही, असं म्हणाली.

काकू माझ्या खोलीत येऊन बसल्या. मी तावातावाने सांगितलं, एक रुपया द्यायचा नाही, हा हुंडाच आहे, कायदा आहे, मी स्वतः केदारखेड्याला येते. पत्रकही काढून दाखवलं.

“पोरी,” काकू म्हणाल्या, “हा कागद घेऊन माझी लेक नांदंल का?”

मी पत्रक परत पिशवीत ठेवलं.

गाडीपुरते पैसे घरात नव्हते असं नाही. काका आपल्या महिन्यात जे वाचवत ते बँकेत ठेवीला टाकत, आणि त्यांच्या ठेवीला काकूंनी कधी हात लावला नव्हता. मला वाटलं, काकू ती ठेव मागतील. त्यांनी मागितलं ते वेगळंच. संध्याकाळी काका आल्यावर त्यांनी कपाटाची किल्ली त्यांच्यासमोर ठेवली आणि म्हणाल्या, हा महिना तुम्ही घ्या. तुम्हाला हवाच होता. गाडीला नाही तुम्हीच म्हणा, तुमच्या तोंडी ‘नाही’ लोकांना सवयीचं आहे. माझ्याच्यानं कुणाला नाही म्हणवत नाही.

काकांनी किल्लीकडे पाहिलं आणि ती परत त्यांच्याकडे सरकवली. “ज्याचं नाव लागतं, त्याचाच महिना,” ते म्हणाले आणि हात धुवायला गेले.

मी त्या रात्री जेवले नाही, इतका मला त्यांचा राग आला. लेकीच्या जिवाशी गाठ आहे आणि हा माणूस नियम सांगतोय, असं मला वाटलं. खोली सोडायचीही मी मनाशी ठरवली होती.

ठरल्या दिवशी मीरा, जावई आणि व्याही आले. दुपारचं जेवण. काकूंनी काही राखलं नव्हतं. पुरणाचे धोंडे, आमरस, कुरडया, भजी, तेहतीस अनारशांची परडी. मी वाढायला होते, रस मात्र काकू स्वतः येऊन वाढून जात. काकू आत पुऱ्या तळत होत्या आणि मीरा स्वयंपाकघराच्या चौकटीला धरून उभी होती. व्याह्यांनी पोट भरेपर्यंत विषय काढला नाही. मग काकांकडे वळून म्हणाले, “मागचा धोंडा आम्ही गोड मानून घेतला. यंदा पोराच्या गाडीचं बघा.”

काका भात कालवत होते. “पावणं, हा महिना माझा न्हाई,” ते म्हणाले.

“म्हंजे?”

“कारभारी आत हाय. तिला विचारा.”

व्याह्यांना ही थट्टा वाटली. ते हसले. घरातले कर्ते तुम्ही, बायामाणसाला काय विचारायचं, असं काहीतरी म्हणाले. काकांनी डावा हात उचलून स्वयंपाकघराकडे बोट दाखवलं आणि उजव्याने घास घेतला. पुढे काही बोललेच नाहीत. ते बोट तसंच राहिलं. व्याह्यांनी इकडे पाहिलं, तिकडे पाहिलं. शेवटी काकू रसाचं पातेलं घेऊन बाहेर आल्या तेव्हा त्यांनी भिंतीकडे नजर लावून तीच मागणी परत केली. पण पुरुषाजवळ जी मागणी रुबाबात झाली होती, ती आपल्या ताटात तीनदा रस वाढलेल्या बाईपुढे करताना निम्म्या आवाजात आली. शब्द तेच होते. पण ते उच्चारताना व्याह्यांना लाज वाटायला लागलेली मी डोळ्यांनी पाहिली.

काकूंनी पातेलं खाली ठेवलं.

“खायाचं कायबी मागा, पावणं,” त्या म्हणाल्या. “ताटात कमी पडलं तर माझी मान खाली. पर गाडी न्हाई. आज न्हाई, पुढच्या धोंड्यालाबी न्हाई. मला लेक एकच, अन् ती मी देऊन बसले.”

मग व्याही परत काकांकडे वळले. तुमच्या बँकेत ठेवी आहेत म्हणतात, त्याचं तरी आपण दोघं बोलू.

“हायेत ना,” काका म्हणाले. “पर तो माझ्या महिन्यातला पैसा. त्याचं बोलायचं तर आषाढात या. चहा काळा मिळंल.”

पहिला हसला तो जावई. तो काळा चहा त्याने मागच्या धोंड्याला प्यायला होता. हसू आवरेना म्हणून त्याने खाली पाहिलं, मग ताट पुढे सरकवलं आणि बापासमोर म्हणाला, “मामी, रस वाढा.”

एवढंच. पण चौकटीवरचा मीराचा हात सुटला आणि ती आत जाऊन पुऱ्या घेऊन आली. चार दिवस राहून ती नवऱ्याबरोबर केदारखेड्याला परत गेली. सासऱ्यांचं तोंड पुढे दोनतीन महिने वाकडं होतं, टोमणे होते, नव्हते असं मी म्हणणार नाही. मग ते आपोआप आटले. दोन वर्षांनी जावयाने आपल्या कमाईची जुनी गाडी घेतली आणि पहिली चक्कर आमच्याकडे मारली.

पाहुणे गेल्यावर काकू स्वयंपाकघरात भिंतीला टेकून बसल्या. माझ्या तोंडून निघालं कसं, हे त्या पुन्हा पुन्हा विचारत होत्या. मग एकदम सावध होऊन काकांना म्हणाल्या, “आषाढात या, असं तुमी बोलले. माझ्या महिन्यात पैशाचं बोलले.”

दुसऱ्याच्या महिन्यात पैशाविषयी बोलल्यास दंड होता. आठ दिवस अंगण झाडायचं. काकांनी तो आठही दिवस भरला. अंगण फाट्याच्या रस्त्याला लागून. ओळखीचे ड्रायव्हर गाडी हळू करून विचारायचे, काय काका, झाडू? काका न थांबता सांगायचे, “दंड भरून राह्यलो.” त्यांच्या चेहऱ्यावर मी इतकं समाधान त्याआधी कधी पाहिलं नव्हतं.

त्यातल्याच एका सकाळी मी विचारलं, तुम्ही महिना का घेतला नाही. ते झाडूवर टेकले.

“मी न्हाई म्हणलो असतो तर लोक म्हणले असते, चिक्कू माणूस, दुसरं काय म्हणंल. त्या न्हाईला वजन नसतं मॅडम. पोरीला बोल लागले असते ते वेगळेच. जी बाई कुणालाच न्हाई म्हणत न्हाई, तिनं एकदा म्हणलं तर ते काट्यावर दिसतं.”

माझ्या पिशवीत पत्रकांचा गठ्ठा होता आणि त्यातल्या एकाही पत्रकात हे लिहिलेलं नव्हतं. आमच्या पत्रकात बाईला हक्क द्या असं होतं. हक्क दिल्यावर ऐन वेळी तो परत घेऊ नका, ती स्वतः हात जोडून परत करत असली तरी घेऊ नका, असं नव्हतं.

मी वाटूर सोडून बरीच वर्षं झाली. काकूंशी फोनवर बोलणं होतं. त्यानंतर एकदा अधिक आश्विन आला, मग अधिक श्रावण. दोन्ही काकूंच्याच नावाचे निघाले. पंचांग करणारा जांबेचा दिसतो, असं काकांचं मत आहे. ते अजून काळाच चहा पितात, आता काकूंच्या महिन्यातही, कारण डॉक्टरांनी दूध बंद केलं. काकू म्हणतात, बघ, फुकट वाचवायची सोय झाली म्हणून कसा खूश आहे माणूस.

माझी तुम्हाला एकच विनंती आहे, आणि ती करताना मी कुठलंही पत्रक पुढे करत नाही. तुमच्याही घरी कधीतरी कुणीतरी येईल, वडीलधारा, पोट भरून जेवलेला, आणि पैशाची गोष्ट काढताना घरातल्या एकाच माणसाकडे तोंड करून बसेल. ते माणूस तुम्ही असाल तर बोलू नका. तुमचं उत्तर कितीही बरोबर असलं तरी बोलू नका. बोट उचला, घरातल्या दुसऱ्या माणसाकडे दाखवा, आणि तिकडून उत्तर येईपर्यंत ते खाली घेऊ नका.